बांधापलीकडचा माणूस

मी नेमकं काय काम करतो, हे माझ्या बायकोला पाहुण्यांना कधी नीट सांगता आलं नाही. "शेतं तपासतात," एवढं म्हणून ती चहा टाकायला उठायची. पाहुण्यांना वाटायचं मी तलाठी आहे. मग त्यातला एखादा हळूच फेरफाराचं काहीतरी विचारायचा.

सेंद्रिय मालाला दाखला देणाऱ्या एका संस्थेत मी तपासनीस होतो. शेतकरी म्हणतो, माझ्या रानात रासायनिक खत नाही, फवारणीचं औषध नाही. व्यापारी म्हणतो, कशावरून? त्या 'कशावरून'चं उत्तर शोधणं म्हणजे माझी नोकरी. वर्षातून एकदा शेतावर जायचं आणि अख्खा दिवस तिथं काढायचा. आधी चारी बांध पायी फिरायचे. पाणी कुठून येतं, शेजारी काय पेरलंय, वारा कुणीकडून वाहतो ते लिहायचं. मग गोठा, माळा, कडब्याची गंजी आणि शेवटी उकिरडा. उकिरड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ काढायचो. माणूस तोंडानं काहीही सांगेल, रिकामी बाटली तो उकिरड्यावरच टाकतो.

माजलगावच्या धरणाखाली एका बागायतदाराकडं गेलो होतो. घरात म्हातारा खाटेवर झोपलेला. मुलगा म्हणाला, वडील लई आजारी आहेत, ती खोली सोडा. मी दारातूनच नमस्कार केला. म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, "साहेब, मला उठवू नका. खाली पोती हायती युरियाची." मुलाचा दाखला गेला. म्हाताऱ्यानं मला पोटभर जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही.

माझ्याकडं आणखी एक हत्यार होतं, माझं नाक. आमचं दुकान माजलगावला, खतं-बियाणं-औषधांचं. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. मी लहानपणापासून त्या बाटल्यांत वाढलो. कोणत्या औषधाला लसणासारखा वास, कोणत्याला कुजक्या कोबीसारखा, हे डोळे मिटून सांगायचो. वडिलांनी आयुष्यभर विष विकलं आणि मुलगा विष हुडकत फिरला, असं आमचे भाऊबंद म्हणायचे. मला त्याचा थोडा अभिमानही होता. कार्यालयात नवी मुलं यायची, पदवीधर, हातात यंत्र घेऊन. त्यांना मी सांगायचो, यंत्र नंतर, आधी वाऱ्याला तोंड करून उभे राहा.

मला सांगायचंय ते अंबादासभाऊंच्या शेतावरच्या एका दिवसाचं.

तलवाड्यापासून थोडं आत त्यांची मोसंबीची बाग. अंबादासभाऊ माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. त्यांच्या मंडळी इंदुवहिनी. बाग खरं तर वहिनींची होती, म्हणजे राबणं त्यांचं. शेणखत, जीवामृत, निंबोळीचा अर्क, सगळं त्या स्वतः करायच्या. पहिली तीन वर्षं बाग रासायनिकाच्या बाहेर काढावी लागते, त्या काळात दाखला मिळत नाही. त्या तीन वर्षांत निम्मी फळं डागाळलेली निघाली, गावानं वेड्यात काढलं, तरी दोघं हटले नाहीत. दाखला मिळाला त्या दिवशी वहिनींनी तो देवघरात ठेवला होता. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं स्वच्छ रान पाहिलं नाही. तिथं जायचं असलं की मी सकाळी लवकर निघायचो, तपासणी म्हणून नाही, आवड म्हणून.

त्या बागेची एकच अडचण होती. पश्चिमेच्या बांधाला लागून बापूसाहेबांचं कापसाचं रान होतं. बापूसाहेब गावचे पुढारी, मोठे जमीनदार. बागेकडं जायची गाडीवाट त्यांच्याच रानातून होती. शेजारी फवारणी होते म्हणून अंबादासभाऊंनी त्या बाजूला शेवरीची दाट रांग लावली होती, शिवाय बांधालगतची एक ओळ दाखल्याबाहेर सोडली होती. नियमानं तेवढं पुरे होतं, वारा बरा असेल तर.

पावसाळा सरत आलेला. दमट उकाडा होता. मी बांधावरून फिरत पश्चिमेला आलो आणि नाकाला वास लागला. पलीकडं डोक्याएवढ्या कापसात एक माणूस पाठीवर पंप घेऊन फवारत होता. तोंडाला काही नाही, पाय उघडे, सदरा पाठीला चिकटलेला. वारा थेट बागेकडं होता. शेवरीतून तुषार इकडं येत होते, मोसंबीच्या पानांवर बारीक चकाकी दिसत होती.

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते मला स्वच्छ आठवतं. मनात आलं, ही बाग गेली.

मी फोन काढला. फोटोत बांध, शेवरी, फवारणारा माणूस आणि वाऱ्याची दिशा एकत्र यायला हवी होती. त्या माणसाला हाक मारली, म्हटलं जरा बांधाजवळ उभा राहा. तो आला. लहू त्याचं नाव. चाळिशीतला, वाळका. बापूसाहेबांकडं रोजानं जाणारा. पंप पाठीवर तसाच ठेवून तो ताठ उभा राहिला, शाळेतल्या फोटोला राहतात तसा. फोटो मालकाला दाखवणार का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, हापिसात लागतो.

"साहेब, सकाळपून धुरकट दिसायलंय," तो म्हणाला. "उन्हानं असंल का?"

मी म्हटलं, असेल. मी फोटो नीट आला का ते बघत होतो.

मग तो म्हणाला, "पाणी मिळंल का जरा? येऊ का तिकडं?"

मजुरांची पाण्याची घागर कापसाच्या रानाच्या दुसऱ्या टोकाला होती. इकडं बागेतला नळ वीस पावलांवर होता. मी त्याला म्हणालो, "बांधाच्या अलीकडं येऊ नको. अंगावर औषध आहे तुझ्या, बागेत लागंल. तिथंच थांब, पाणी पाठवतो."

तो तिथंच थांबला.

मी टेप काढून शेवरीपासून पहिल्या झाडाचं अंतर मोजायला लागलो. ओळी मोजल्या. कोणत्या झाडांवर तुषार दिसतात ते लिहिलं. पानांचे नमुने कागदी पिशवीत घेतले, पिशवीवर सही केली. या सगळ्यात अर्धा तास गेला असेल. पाण्याचं माझ्या डोक्यातून पार निघून गेलं.

पाणी इंदुवहिनींनी दिलं. त्या गोठ्याकडून येत होत्या, त्यांना तो शेवरीजवळ उभा दिसला. का उभा हाय विचारलं तर म्हणाला, साहेबांनी थांबाय सांगितलंय, पाणी येणार हाय. त्यांनी कळशी आणि तांब्या नेला, बांध ओलांडून पलीकडं गेल्या. नंतर त्यांनी सांगितलं की तो दोन तांबे पाणी प्याला आणि लगेच उलटी केली. त्यांनी त्याचा पंप उतरवून ठेवला आणि बांधावरच्या लिंबाखाली त्याला बसवलं.

अंबादासभाऊ आणि मी घरी जेवायला बसलो होतो, तेव्हा वहिनी आल्या. त्या माणसाचं काही बरोबर दिसत नाही, हात थरथरतात, म्हणाल्या. अंबादासभाऊ म्हणाले, बापूसाहेबाचा माणूस आहे, मुकादमाला निरोप धाडू, आपण कशाला मधी पडायचं. वाटेचा विषय होता, त्यांचं म्हणणं मला कळत होतं. भाकरी, मेथीची भाजी आणि लोणचं होतं. मी दुसरी भाकरी घेतली.

वहिनी जेवल्याच नाहीत. त्या पुन्हा बांधाकडं गेल्या आणि थोड्या वेळानं अनवाणी पळत आल्या. "तोंडातून फेस यायलाय त्याच्या," म्हणाल्या. "उठा दोघंबी."

आम्ही पळत गेलो. तो आडवा पडला होता. लाळ गळत होती, घामानं सगळा भिजला होता, दंडाचं मांस जागच्या जागी उडत होतं. मी वाकून त्याची पापणी वर केली. बुबुळातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली.

ही खूण मला दुकानात बसायला लागल्यापासून माहीत होती. वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, वाऱ्याकडं पाठ करा, नाक बांधा, आणि फवारणाऱ्याला अंधुक दिसायला लागलं की पंप जागेवर टाका, अंघोळ घाला, दवाखाना गाठा. वडिलांचं ते बोलणं मला इतकं पाठ होतं की मी त्यांची नक्कल करायचो. आणि तो माणूस स्वतःच्या तोंडानं मला म्हणाला होता, धुरकट दिसतंय. मी उन्हावर ढकललं.

त्याचे कपडे काढले. वहिनींनी साबण आणला, बागेच्या नळाखाली आम्ही त्याला धुतलं. त्याच नळाखाली. माझ्या गाडीत घालून गेवराईला नेलं. तिथं लगेच इंजेक्शनं सुरू केली आणि बीडला हलवायला सांगितलं. वाटेत अंबादासभाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "लहू, ए लहू," एवढंच म्हणत होते. बीडच्या डॉक्टरांनी विचारलं, किती वेळापासून त्रास होतोय? मी म्हणालो, सकाळपासून. कुणी लक्षात नाही आणून दिलं का, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लहू गेला.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते मला अंबादासभाऊंकडून फोनवर कळत गेलं. बापूसाहेबांच्या मुकादमानं पोलिसांना सांगितलं, लहूला त्या दिवशी फवारणीला लावलंच नव्हतं. घरी बायकोशी भांडण झालं होतं, रानात येऊन तो औषध प्याला. दोन साक्षीदारही उभे राहिले. लहूची बायको रुक्मिण म्हणत होती, भांडण झालं नाही, भाकरी बांधून दिली होती मी. तिचं कोण ऐकणार? गावात बायकाच तिला विचारायला लागल्या, काय बोललीस गं तू त्याला असं?

आणि माझ्या फोनमध्ये फोटो होता. पाठीवर पंप, हातात नळी, खाली तारीख आणि वेळ. दवाखान्यात नेण्याच्या दोन तास आधीचा.

तो फोटो मी लगेच पोलिसांकडं नेला असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी नेला नाही. तीन दिवस तो तसाच ठेवला. मनाशी कारणं जुळवत होतो. संस्थेचं काम गोपनीय असतं, परवानगी घ्यावी लागेल. फोटो बाहेर आला की बागेवर तुषार आल्याचा पुरावाही बाहेर येणार, मग अहवालात ते झाकता येणार नाही, दाखला जाणार. अंबादासभाऊंनी मला दवाखान्याच्या आवारातच विचारलं होतं, "साहेब, तेवढा फोटो ऱ्हाऊ देता का? नमुने पुन्हा घेऊ, पाऊस पडून गेल्यावर." आणि मी हो म्हणालो होतो. पण खरं कारण निराळं होतं. तो फोटो मी मोठा करून पाहिला होता. त्यात लहूची हनुवटी ओली दिसते. डोळे बारीक करून तो माझ्याकडं बघतोय. फोटो पाहणारा कुणीही विचारील, हा माणूस आजारी आहे हे काढणाऱ्याला दिसलं नाही का?

चौथ्या दिवशी इंदुवहिनींचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

"साहेब, रुक्मिण आलती," त्या म्हणाल्या. "पायावर डोकं ठेवाय लागली. म्हणली, तुमी पाणी पाजलं, तुमी तरी सांगा तो फवारत होता. मी सांगितलं पोलिसाला. ते म्हणले, बाईमाणसाच्या बोलण्यावर कसं लिहावं. तुमच्याकडं फोटो हाय न्हवं?"

मी म्हटलं, आहे, पण फोटो दिला तर बाग जाईल वहिनी, पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. आणि बापूसाहेब वाट बंद करतील. भाऊंना विचारलंत का?

"त्यांना विचारलं," त्या म्हणाल्या. "ते न्हाई म्हणले. मी हो म्हणाय फोन केलाय. फोटो द्या."

मी दिला. पोलिसांना दिला आणि संस्थेला अहवालही दिला, जसं पाहिलं तसा. माझा जबाब लिहून घेताना अधिकाऱ्यानं विचारलं, फोटो काढताना मयताची तब्येत कशी होती? मी सांगितलं, त्याला अंधुक दिसत होतं, तो तसं म्हणाला होता. अधिकाऱ्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि लिहून घेतलं.

पुढं जे झालं ते फार मोठं नाही. लहू विष प्याला हे कागदावरून खोडलं गेलं, फवारणी करताना विषबाधा झाली अशी नोंद लागली. मुकादमाला बोलावलं, सोडलं. बापूसाहेबांना कुणी बोलावलंच नाही. रुक्मिणच्या मागं लागलेला बोल मात्र गेला. नमुन्यांत औषध निघालं. बागेचा दाखला रद्द झाल्याचं पत्र माझ्याच अहवालावरून निघालं आणि ते द्यायला मीच गेलो, टपालानं पाठवू दिलं नाही. गाडीवाटेवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. गाडी लांब लावून मी बांधाबांधानं चालत गेलो. फळं तोडणीला आलेली, पण टेम्पो आत येत नव्हता. डोक्यावरून क्रेट वाहून किती नेणार? झाडाखाली मोसंबीचा सडा पडला होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. अंबादासभाऊंनी पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. माझ्याशी ते बोलले नाहीत. त्यानंतर कधीच बोलले नाहीत. वहिनींनी चहा दिला. देवघरातला जुना दाखला त्यांनी काढून माझ्या हातात ठेवला, परत द्यावा लागतो ना, म्हणून. तो परत द्यावा लागत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. घेतला.

मी आणखी वर्षभर काम केलं. शेतावर गेलो की बांधाकडं बघायच्या आधी माणसांकडं बघायचो, शेजारच्या रानातल्याही. कुणी फवारताना दिसला की जाऊन त्याचे डोळे बघायचो. लोकांना ते विचित्र वाटायचं. एकानं मला हाकलूनही दिलं. माझे अहवाल उशिरा जायला लागले, कार्यालयातून बोलणी बसायला लागली. एका तपासणीत उकिरडा पाहायचाच राहिला. मग मीच थांबलो.

सोडण्याआधी रुक्मिणकडं गेलो होतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस होते, तीही निघणार होती. पत्र्याचं घर, बाहेर गाठोडी बांधून ठेवलेली. मी तो फोटो बीडला मोठा करून घेतला होता. वाटलं, तिच्याकडं असावा. लग्नानंतर त्याचा दुसरा फोटोच नाही, असं वहिनी म्हणाल्या होत्या.

तिनं तो दोन्ही हातांत धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "तुमच्याशी काय बोलले का ते?"

मी ठरवून गेलो होतो की एवढं सांगायचं नाही. पण तिच्यासमोर खोटं बोलता आलं नाही. सांगितलं, पाणी मागितलं. अलीकडं येऊ का म्हणाले. मी म्हणालो, येऊ नको. पाणी पाठवतो म्हणालो आणि विसरलो.

तिनं फोटोवरची नजर काढली नाही.

"मंग पाणी पेले का न्हाई?"

"पेले. इंदुवहिनींनी नेऊन दिलं. दोन तांबे."

"दोन," ती म्हणाली.

मग फोटो पदराखाली धरून ती आत गेली. मी अंगणात उभा राहिलो. आतून भांडी आवरल्याचा आवाज येत होता. ती पुन्हा बाहेर येईल, काहीतरी बोलेल, शिव्या तरी देईल, असं वाटत होतं. ती आली नाही. मी गाडीकडं निघालो.